झाकणाच्या आतली नक्षी

आमच्या लुकबान गावात संत इसिद्रोपुढे खोटं बोलायचं नाही, असा दंडक आहे. माझ्या घरानं तो सहा वेळा मोडला. सहाही वेळा पुढाकार माझाच होता, तेव्हा दोष द्यायचा तर मला द्या, नवऱ्याला नको.

दंडक तसा साधा आहे. पंधरा मेला संताची मिरवणूक निघते. ती ज्या रस्त्यानं जाणार, त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घरानं आपल्या कष्टाचं फळ दर्शनी भिंतीवर लावायचं. फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडत पुढे जातात आणि वर्षभर त्या कामाला बरकत येते. शेतकरी भाताच्या लोंब्या आणि भोपळे लावतो. टोप्या विणणारी टोप्या टांगते, खाटीक डुकराचं मुंडकं लावून त्याच्या तोंडात टोमॅटो कोंबतो. रस्ता दरवर्षी बदलतो. आमच्या गल्लीतून संत पाच वर्षांनी एकदा जातात.

आणि माझा नवरा देन्स्यो शवपेट्या बनवतो.

आता तुम्हीच सांगा, भिंतीवर काय लावायचं? दर खेपेला मी माझ्या भावाच्या शेतातून वांगी, दोडकी, मिरच्या आणायची आणि दारावर अशी लगडून टाकायची, की बघणाऱ्याला वाटावं, इथे कुणी मोठा बागाईतदार राहतो. देन्स्यो त्या वांग्यांखाली परक्याचा सदरा घातल्यासारखा अवघडून उभा राहायचा. फादर पाणी शिंपडून जायचे. बरकत यायची ती अर्थातच भावाच्या वांग्यांना.

या वर्षी गल्लीचा नंबर लागल्याचं कळलं त्या दिवशी देन्स्यो जेवता जेवता म्हणाला, "पान्यांग, या खेपेला वांगी नकोत."

"मग काय, भोपळे?"

"माझं काम लावणार आहे मी. एक झाकण. नारा झाडाच्या लाकडाचं, नीट घासूनपुसून."

माझ्या हातातला डाव भातातच राहिला. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मी चौसष्टचा झालो," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला एकोणसत्तर. माझ्या बापाला अडुसष्टावं लागलंच नाही. एकतीस वर्षं काम केलंय गं. एकदा तरी संतानं ते बघावं. एवढंच."

देन्स्यो हट्टी नाही. लग्नापासून आजवर त्यानं माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यामुळे मी जितकं भांडायला हवं होतं तितकं भांडले नाही. नुसती भांडी आपटली.

भिंतीला कान असतात म्हणतात. समोरच्या पोन्साला तर भिंतही लागत नाही. पोन्सा अडुसष्ट वर्षांची, विधवा. लसूण आणि व्हिनेगर घातलेले तिचे सॉसेज अख्ख्या गावात नावाजलेले, आणि तिची जीभ त्याहून. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी बाजारात पोचली होती आणि संध्याकाळी वस्तीचा कपितान दुलो यानं सगळ्यांना सभागृहात बोलावलं. दुलो गोलमटोल, सगळ्यांशी गोड, थोरामोठ्यांना आदरानं 'आलिंग' बाई आणि 'मांग' बुवा म्हणणारा, कुणाशी वाकडं घेणं त्याच्या पोटालाच सोसत नाही.

पोन्सा आधीच उभी होती. "कपितान, मला एवढंच सांग. फादरनी पाणी शिंपडलं की धंदा वाढतो ना?"

"वाढतो, आलिंग पोन्सा. तशी श्रद्धा आहे."

"श्रद्धा कसली, अनुभव आहे! मागच्या खेपेला माझ्या सॉसेजवर शिंपडलं, त्या वर्षी मला हात दुखेस्तोवर काम होतं. आता याच्या पेटीवर शिंपडलं, तर याचा धंदा वाढणार कसा? बोल ना! गिऱ्हाईक काय मनिलाहून मागवणार? इथूनच उचलणार ना एकेकाला!"

सगळं सभागृह हसलं. देन्स्यो हातात टोपी धरून उभा राहिला. "मागच्या खेपेला डॉक्टरांनी सुया आणि नळ्या लावल्या होत्या," तो म्हणाला. "म्हणून गाव आजारी पडलं का?"

"पडलं की!" पोन्सा ओरडली. "डेंगी आला होता!"

आता खरं तर मीही घरी हेच म्हटलं होतं, की लोक काय म्हणतील. पण माझ्या नवऱ्याला मी बोललेलं वेगळं आणि पोन्सानं बोललेलं वेगळं. मी उठले आणि म्हणाले, "पोन्सा, तुझ्या हिलारियोला काय केळीच्या पानात गुंडाळून नेलं होतंस? बारा वर्षांपूर्वी रडत कुणाच्या दारात आली होतीस?"

"ती गरज होती," पोन्सा म्हणाली. "आणि हा सण आहे. गरजेच्या वस्तू सगळ्यांच्याच घरात असतात, म्हणून संडास कुणी दारावर टांगतं का?"

दुलोनं दोन्ही हात वर केले. इकडे बघून कपाळ पुसलं, तिकडे बघून पुसलं, आणि निकाल दिला. शवपेटी लावायची नाही. झाकण नाही, कडी नाही, शवपेटीचा कुठलाही भाग भिंतीवर दिसता कामा नये. "मांग देन्स्यो, वाईट वाटून घेऊ नका. तुमची वांगी फार छान असतात."

देन्स्यो "बरं" म्हणाला आणि टोपी घालून बाहेर पडला.

भांडणारा नवरा परवडतो, गप्प बसणारा नाही. तो रोज कारखान्यात जायचा, रंधा मारायचा, जेवायचा, झोपायचा, आणि मी काही विचारलं की "बरं" म्हणायचा. मला फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी भावाला निरोप धाडला, वांगी पाठव. मग पुन्हा निरोप धाडला, नको पाठवूस. भाऊ म्हणाला, बाई, वांगी एकदाच तोडता येतात.

एप्रिलच्या शेवटी आमची मुलगी अमिहान मनिलाहून आली. ती तिथल्या कॉलेजात चित्रकला शिकते. डोक्याचे केस एका बाजूनं भादरलेले आणि दुसऱ्या बाजूनं लांब. मी विचारलं, न्हाव्याला द्यायचे पैसे संपले का गं मध्येच? ती म्हणाली, "नानाय, ही फॅशन आहे." कॉलेजातल्या गोष्टी सांगताना म्हणाली, एका मोठ्या कलावंतानं खोलीभर जुन्या चपला टांगल्या होत्या आणि लोक तिकीट काढून बघायला आले होते.

"आमच्याकडे चपला दाराबाहेर असतात," मी म्हटलं. "फुकट."

कपितान काहीही म्हणो, वांगी असोत नसोत, किपिंग, म्हणजे तांदळाच्या पिठाची पानं, मात्र प्रत्येक घराला लागतंच. त्याशिवाय सण कसला? आणि सांगते म्हणून नाही, पण आमच्या गल्लीत माझ्यासारखं पातळ किपिंग कुणाचं होत नाही. तांदूळ भिजवायचे, गंधासारखे वाटायचे, त्यात रंग घालायचा. कॉफीचं, कोकोचं, काबालचं धड पान बघून त्याच्या पाठीवर ते पीठ पातळ लावायचं आणि वाफवायचं. मग पानावरून अलगद सोलायचं. पानाची शीर न् शीर त्यावर उमटते. पण गरम असताना ते ओल्या कागदासारखं लुळं असतं, आणि तसंच सोडलं तर वाळताना वाकडंतिकडं वळतं. म्हणून थप्पी लावून वर फळी आणि वजन ठेवायचं. सकाळपर्यंत ते सरळ, कडक होतं. मग त्याच्या माळा करायच्या, झुंबरं करायची. सण संपला की तळून खायचं.

त्या दिवशी माझ्या फळ्या कमी पडल्या. "देन्स्यो, एखादी फळी दे रे," मी चुलीपासूनच ओरडले. तो "बरं" म्हणाला, कोपऱ्यातली एक फळी उचलून आणली, थप्पीवर ठेवली, तिच्यावर पाटा ठेवला आणि गेला. त्यानं बघितलं नाही आणि वाफेनं डोळे भरले होते म्हणून मीही नाही.

सकाळी फळी उचलली तर सगळ्यात वरच्या किपिंगवर एक कोंबडा उभा होता.

नीट सांगते. गुलाबी, हातभर किपिंग, त्यावर पानाच्या शिरा, आणि त्या शिरांमधून उठून आलेला कोंबडा. मान ताठ, एक डोळा मिटलेला, तुऱ्याला दोन चिरा. खालच्या किपिंगवरही तोच, जरा पुसट. चौथ्यावर नुसती शेपटी. मी फळी उलटी केली. तिच्या खालच्या अंगाला तोच कोंबडा कोरलेला होता, खोलगट.

"देन्स्यो!" मी अशी किंचाळले की अमिहान अंथरुणातून धावत आली. "माझी चार किपिंग नासवलीस! डोळे आहेत की बटणं?"

देन्स्यो आला. त्यानं वरचं किपिंग दोन्ही तळहातांवर घेतलं आणि खिडकीशी जाऊन उजेडात धरलं. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हा हिलारियोचा."

गल्लीतल्या दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं, पण मला कळलं. पेट्यांना आतून पांढरं साटीन मीच लावते, त्यामुळे साटीनच्या खाली काय असतं ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे. देन्स्यो प्रत्येक झाकणाच्या आतल्या अंगाला, बरोबर चेहऱ्याच्या वर येईल असं, काहीतरी कोरतो. तळहाताएवढंच. ज्याची पेटी त्याचं काहीतरी. मग मी त्यावर कापड ठोकते आणि ते झाकून जातं. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, एवढी मेहनत घेतोस, बघणार कोण?

"आत आहे तो."

"अरे, तो मेलाय."

"म्हणूनच तर. त्याला बघायला दुसरं काय आहे?"

मी साटीन उचललं आणि ठोकायला बसले. आणि बाहेर सांगू नकोस म्हणाला, म्हणून कुठे सांगितलंही नाही. मी, पान्यांगनं, एकतीस वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली, याचं गावाला खरं तर आश्चर्य वाटायला हवं.

हा कोंबडा म्हणजे पोन्साच्या नवऱ्याचा, हिलारियोचा 'जनरल'. अकरा झुंजी जिंकलेला. त्याचा तुरा अवघड, म्हणून देन्स्योनं आधी एका फळीवर कोरून बघितला होता आणि ती फळी बारा वर्षं कोपऱ्यात पडून होती. जनरलचा शेवट मात्र झुंजीत झाला नाही. म्हातारा होऊन अंगणात ऊन खात बसायचा. एका रविवारी पोन्साच्या बहिणी अचानक आल्या, घरात काही नव्हतं, आणि पोन्सानं जनरलचं सूप केलं. हिलारियो चाळीस दिवस तिच्याशी बोलला नाही. पुढे बोलायला लागला, पण कोंबडा पुन्हा पाळला नाही.

अमिहान किपिंग बोटांनी चाचपत होती. "तातय, बाकीच्या झाकणांवर काय काय होतं? आठवतं काही?"

"काही म्हणजे? सगळं."

"सगळं?"

"सहाशेच्या वर असतील. विचार कुठलंही."

अमिहान माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. "नानाय, कपितान काय म्हणाला होता? नक्की शब्द काय होते?"

"शवपेटी नको, झाकण नको, कडी नको, शवपेटीचा कुठलाही भाग नको."

"आणि किपिंग कशाचा भाग आहे?"

"जेवणाचा," मी म्हटलं.

"मग झालं तर. जेवणाला कोण अडवतंय?"

देन्स्यो उठला. या खेपेला "बरं" म्हणाला नाही. सरळ कारखान्यात गेला आणि पटाश्यांना धार लावायला बसला. त्या घासण्याच्या आवाजानं मला इतकं बरं वाटलं की मी न्याहारीला दोन अंडी जास्त फोडली.

पुढचे सोळा दिवस आमचं घर म्हणजे छापखाना झाला होता. आपल्या गल्लीतली आणि शेजारच्या दोन गल्ल्यांमधली माणसं घ्यायची असं ठरलं, तरी फळ्या त्रेपन्न झाल्या. एका फळीखाली तीनच किपिंग नीट उमटतात, म्हणजे दर फळीला वेगळं वजन हवं. पाटा झाला, उखळ झालं, शिलाई मशीन झालं, तांदळाची पोती झाली. शेवटी मी स्वतःच एका फळीवर जाऊन बसले. माझ्या वजनाचा या घराला पहिल्यांदाच उपयोग झाला.

रंगावरून मात्र अमिहानशी जोरदार भांडण झालं. तिला सगळी किपिंग बिनरंगाची हवी होती. मी म्हटलं, संत येतोय की कुणाचं सुतक आहे? सणाला गुलाबी हवं, पिवळं हवं, पोपटी हवं. ती म्हणाली, रंगात रेषा मरते. मी म्हटलं, तुझ्या चपलावाल्यांनी शिकवलं का? मग तिनं एक गुलाबी आणि एक पांढरं किपिंग शेजारी शेजारी उन्हात धरलं. गुलाबीतला कोंबडा शोधावा लागत होता. पांढऱ्यातला जिवंत होता, ऊन त्याच्या पिसांतून जात होतं. पोरीचं बरोबर होतं. तसं मी तिला सांगितलं नाही, फक्त रंगाचे डबे फडताळात ठेवून दिले. कडेला एक गुलाबी झालर तेवढी माझ्यासाठी ठेवायला लावली.

देन्स्यो एकेक फळी संपवून आणायचा आणि मी ओळखायची. जीपनी, आमच्याकडची प्रवासी जीप, पुढे चंदेरी घोड्यांसकट, म्हणजे ती चालवणारा पोलिकार्पो. वाऱ्यावर उडणारी चादर, म्हणजे आमची धुणंवाली बासिल्या. दोन पसरलेले हात, म्हणजे सुईण. एका फळीवर नारळाचं झाड निघालं.

"हे कुणाचं रे?"

"तिबुर्स्योचं."

"तिबुर्स्यो? बेवडा? त्याच्यावर तर लांबानोगची बाटली हवी."

"बाटली त्यानं आयुष्यभर बघितली," देन्स्यो म्हणाला. "पण पंचवीस वर्षं तो माडी काढायला झाडावर चढत होता. त्याच्याएवढं उंचावरून हे गाव कुणी बघितलं नसेल."

मी ती फळी किपिंगवर पालथी घातली. नवऱ्याबरोबर इतकी वर्षं काढली तरी कधी कधी त्याची ओळख नव्यानं करून घ्यावी लागते.

पंधरा मेला सकाळी बनाहाव डोंगरावर ढग नव्हते, हे आमच्या गावचं भाग्यच म्हणायचं. बांबूच्या आडव्या काठ्यांवरून आम्ही सगळी किपिंग भिंतीपुढे टांगली होती. लांबून बघितलं तर नुसती पांढऱ्या पानांची दाट वेल, खाली गुलाबी झालर. वारा आला की सळसळायची. बघे यायचे, फोटो काढायचे, पुढे जायचे. शेजारच्यांच्या भिंतीवर अख्खं भाजलेलं डुक्कर होतं, त्याच्यापुढे आमच्याकडे कोण रेंगाळणार?

कपितान दुलो मिरवणुकीच्या आधी तपासणीला आला. वर बघितलं, खाली बघितलं, दारामागे डोकावला. "मांग देन्स्यो, पेटी?"

"कुठे आहे?"

"नाही ना?"

"तुम्हाला दिसली का?"

"नाही बुवा." त्यानं सुस्कारा सोडला, झालरीतलं एक किपिंग मोडून तोंडात टाकलं आणि खूश होऊन गेला. कच्चंच खाल्लं.

देन्स्यो इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा होता. लांबून बँड ऐकू यायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला कळलं, की त्याला हे पुरतं मिळत नाहीये. काम भिंतीवर होतं खरं, पण कुणाला ठाऊक नव्हतं. पुन्हा झाकल्यासारखंच. मी म्हटलं, सांगू का लोकांना? त्यानं मान हलवली. नको.

तेवढ्यात समोरून पोन्सा रस्ता ओलांडून आली. तिच्या घरावर सॉसेजच्या माळा पडद्यासारख्या सोडलेल्या होत्या आणि ती आमच्यात खोट काढायला आली होती, हे तिच्या चालीवरून दिसत होतं. "पांढरं?" ती म्हणाली. "पान्यांग, रंग परवडला नाही का गं?" आणि गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

मग ती पुढे झाली. आणखी पुढे. नाक किपिंगला लागेल इतकी पुढे.

"देन्स्यो," ती म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता. "हा जनरल आहे."

"हो."

"याच्या तुऱ्याला दोन चिरा आहेत. एक डोळा... तुझ्याकडे हा कसा?"

देन्स्योनं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "हिलारियोच्या झाकणाच्या आत कोरलाय. चेहऱ्याच्या बरोबर वर. पान्यांगनं वर कापड लावलंय, म्हणून तुला दिसला नाही."

पोन्सा हलली नाही. बँड गल्लीच्या तोंडाशी आला होता. "म्हणजे बारा वर्षं," ती म्हणाली, "तो त्याच्याजवळ आहे?"

"आहे."

"मी त्याचं सूप केलं होतं रे."

"ठाऊक आहे," देन्स्यो म्हणाला. "मीही प्यालो होतो. तू वाटी पाठवली होतीस."

पोन्साच्या तोंडून एक आवाज निघाला. ती हसतेय की रडतेय ते मला कळेना, बहुधा दोन्ही. मग ती बाजूच्या किपिंगकडे वळली. "ही जीपनी? ही पोलिकार्पोची ना? आणि ही चादर... अरे ए, इकडे या सगळे! डुक्कर काय बघताय, डुक्कर कुठे पळत नाही! ए सोलेदाद, तुझी आई इथे आहे!"

बासिल्याची मुलगी सोलेदाद आली. पोलिकार्पोचा मुलगा आला, त्याची बायको, पोरं. माणसं किपिंगच्या खाली मान वर करून उभी राहिली आणि एकमेकांना दाखवायला लागली. ज्याला सापडेना तो देन्स्योला विचारायचा, आमच्या आजोबांचं कुठे? देन्स्यो बोट करायचा, तिसरी काठी, डावीकडून पाचवं. एकदाही चुकला नाही. एका बाईनं रडत रडत त्याच्या खांद्याला धरलं. तो लाजून इतका लाल झाला की भिंतीवर रंग नव्हता त्याची भरपाई झाली.

संत इसिद्रो आले ते याच गर्दीत. मिरवणूक कधी कुणाच्या दारात थांबत नाही, फादर चालता चालता शिंपडतात. पण रस्त्याच्या मधोमध पोन्सा दोन्ही हात पसरून उभी होती. "थांबा!"

दुलो धावत आला, घामानं निथळत. "आलिंग पोन्सा, आता काय? पेटी नाहीये इथे, मी स्वतः बघितलंय!"

"आहे रे बाबा," पोन्सा म्हणाली. "सगळ्यांच्या आहेत. फादर, शिंपडा. असं उडतउडत नको, सावकाश. त्या वरच्या काठीपर्यंत पोचलं पाहिजे."

"पण तूच म्हणाली होतीस, याचा धंदा वाढेल—"

"वाढू दे! मी शिंपडू नका म्हटलं म्हणून कोणी मरायचं राहणार आहे का, कपितान? मग धड पेटीतून तरी जाऊ."

फादर तरुण होते, पहिल्याच वर्षी आलेले. त्यांनी किपिंगकडे बघितलं, रडणाऱ्या-हसणाऱ्या माणसांकडे बघितलं आणि काही न विचारता शिंपडायला लागले. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत. पाणी उन्हात चमकत पानांवर पडत होतं. देन्स्योनं टोपी काढली होती. माझे डोळे भरून आले, आणि त्या वेळी वाफेचं निमित्तही नव्हतं.

फादरचं होतंय तोवर पोन्सा देन्स्योपुढे येऊन उभी राहिली. "आणि माझ्या झाकणावर काय काढणार?"

देन्स्योनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आमच्या गावात त्या नजरेला माणसं घाबरतात. तो माप घेतो म्हणतात, त्यानं बघितलं की लोक रस्ता बदलतात. पोन्सा ताठ उभी राहिली.

"सॉसेजची माळ," तो म्हणाला.

"खबरदार! अठ्ठेचाळीस वर्षं या हातांचा लसणाचा वास गेला नाही. तिथेही लसूणच हुंगत पडू? मला नाचताना काढ."

"नाचताना? पण पोन्सा, तुला नाचताना मी कधी बघितलंच नाही."

"बघशील कसा? लग्न झाल्यापासून नाचलेच नाही." तिनं चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि चपला रस्त्याच्या कडेला भिरकावल्या. बँडकडे वळून म्हणाली, "काय रे पोरांनो, फुंकायचे पैसे घेतलेत की श्वास घ्यायचे? वाजवा!"

बँडवाल्यांनी फादरकडे बघितलं. फादर पाणी शिंपडण्यात गुंतले होते. मग वाजलं.

आणि अडुसष्ट वर्षांची पोन्सा रस्त्यात नाचायला लागली. आधी अडखळली, गुडघ्याला हात लावला, मला शिवी दिली. मग पाय सापडले. कंबर सापडली. हात वर गेले, आणि ते हात लसूण ठेचणारे वाटेनात. लोकांनी मागे सरून जागा केली. पालखीवाल्यांनी खांदे बदलले. संत इसिद्रो आपला नांगर घेऊन उन्हात उभे होते, त्यांना थांबणं भाग होतं.

देन्स्योनं खिशातून पेन्सिल काढली आणि वारा घ्यायला मी हातात धरलेला रद्दीचा कागद ओढून घेतला. "उजवा हात जरा वर."

"असा?"

"हां, तसाच ठेव."

"ठेवू कशी, मी नाचतेय ना!" पोन्सा ओरडली आणि आणखी एक गिरकी घेतली. "नीट बघून घे, देन्स्यो. परत दाखवायला मी येणार नाही."